एका लाइनीवर दोन बिघाड

नवऱ्याच्या आत्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला राहायला आल्या, तेव्हा धाकटीचा कॉम्प्युटर चार दिवस आजारी होता आणि धाकटीचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

धाकटी म्हणजे त्या घरची धाकटी सून. वय अडतीस. घरातच मागच्या बाजूच्या लहानशा खोलीत बसून ती व्हिडिओ एडिटिंगची कामं करायची. खोलीत एका भिंतीशी तिचं टेबल, त्यावर दोन स्क्रीन, टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात कॉम्प्युटरचा डबा. दुसऱ्या भिंतीशी इस्त्रीचं टेबल, आणि डोक्यावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. ओल्या चादरींच्या खाली मान वाकवून तिनं आजवर कितीतरी लोकांचे समारंभ, भाषणं आणि जाहिराती कापल्या-जोडल्या होत्या.

या वेळचं काम मात्र वेगळं होतं. शहरात ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा होती. तिथल्या एक बाई चौतीस वर्षं शिकवून निवृत्त होणार होत्या. बाईंना स्वतःलाही लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. त्या मुलांना हातांनी गोष्टी सांगायच्या. स्वतः रचलेल्या, एकूण बावीस. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या, कारण त्या लिहिताच येत नव्हत्या. बाई गेल्या की गोष्टीही जाणार, म्हणून शाळेनं त्यांचं चित्रीकरण करायचं ठरवलं आणि काम धाकटीकडे आलं. शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या मुलांसमोर फिल्म दाखवायची होती.

सत्तर मिनिटांची फिल्म जोडून तयार होती. आता फक्त सगळ्याची मिळून एक फाइल काढायची बाकी होती. ते काम कॉम्प्युटरचं होतं, माणसानं नुसतं बघत बसायचं. आणि नेमका तिथेच तो दगा देत होता. शुक्रवारपासून अकरा वेळा लावून झालं, अकराही वेळा मध्येच बंद. दुरुस्तीवाला येऊन मेमरी बदलून गेला, सगळे प्रोग्रॅम पुन्हा घालून गेला आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "ताई, मशीन दमलंय. नवीनच बघा."

मंगळवारी सकाळी बाराव्यांदा बंद पडला तेव्हा धाकटीनं टेबलावर मूठ आपटली. शेजारच्या खोलीतून आत्या भिंतीला हात लावत आल्या.

आत्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली होती, तीही बिघाड शोधण्याच्या विभागात. एकट्या राहायच्या आणि ऐकून कुणाचं घ्यायच्या नाहीत. दोन दिवसांपूर्वी एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही असं बजावलेलं. "मग श्वास तरी घेऊ ना?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं होतं.

"काय झालं गं?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"परत बंद पडला, आत्या."

"बंद पडला म्हणजे काय झालं?"

"म्हणजे... बंद पडला."

"घड्याळ थांबलं तरी बंद पडलं म्हणतात. दुकानही बंद पडतं. तुझा कसा बंद पडला?"

धाकटीला मनातून वैताग आला. आत्यांच्या घरी अजून चावीचा ग्रामोफोन असल्यासारखी सगळी तऱ्हा. यांना काय सांगायचं कपाळ? पण पाहुण्या, त्यात डोळ्याचं दुखणं. म्हणून तिनं सांगितलं, की पंखा थांबला, दोन्ही स्क्रीन काळे झाले, सगळंच गेलं.

"प्रत्येक वेळी असंच होतं?"

"हो." मग ती थांबली. "नाही. कधीकधी फक्त प्रोग्रॅम बंद होतो. बाकी मशीन चालू असतं."

"कधीकधी म्हणजे किती वेळा?"

धाकटीला सांगता येईना. बारा वेळा तिनं ते बघितलं होतं आणि तिला फक्त राग आठवत होता.

आत्या इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. "वही आण एक. मला लिहिता येत नाही आत्ता, तू लिही. किती वाजले, काय चाललं होतं, किती टक्के काम झालं होतं, आणि कसा बंद पडला. 'गेला', 'मेला' असलं लिहायचं नाही. आमच्याकडे लोक शेजाऱ्याच्या घरून फोन करून सांगायचे, आमचा फोन मेला. अहो, मेला की नुसता बेशुद्ध आहे, ते तर सांगा!"

धाकटीला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

त्या दिवशी त्यांनी चार वेळा फाइल काढायला लावली. धाकटी स्क्रीनकडे बघत होती आणि आत्या डोळे मिटून ऐकत होत्या. पहिल्याच वेळी आत्या म्हणाल्या, "हा वीज नीट पोचत नसल्यामुळे पडतोय. बोर्ड सैल आहे." मग स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून वेगळ्या बोर्डावर मशीन लावलं. तरी ते सत्तावीस टक्क्यांवर गप्पकन बंद पडलं.

"लिही," आत्या म्हणाल्या. "आत्याचा अंदाज चुकला. वीज ठीक आहे."

"तेही लिहायचं?"

"तेच तर आधी लिहायचं. नाहीतर उद्या मी परत तेच म्हणेन."

धाकटीनं लिहिलं. आपला अंदाज चुकला असं कुणाकडून वहीत लिहून घेणारं माणूस तिनं आजवर पाहिलं नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं मेमरी बदलूनही फरक पडला नाही तेव्हा तो मशीनलाच नावं ठेवून गेला होता.

बुधवारी सकाळी आत्यांनी तिला वही मोठ्यानं वाचायला लावली. एकतीस टक्के, मशीन बंद. सत्तावीस टक्के, मशीन बंद. त्रेसष्ट, प्रोग्रॅम बंद. बावीस, मशीन बंद. आणि आज सकाळी, रात्रभर बंद असलेलं मशीन लावल्याबरोबर, चौसष्ट टक्के, प्रोग्रॅम बंद. धाकटी वाचत गेली आणि वाचता वाचता तिचाच आवाज हळू झाला.

"आत्या, मशीन बंद पडतं ते कुठेही. पण प्रोग्रॅम बंद पडतो तो त्रेसष्ट-चौसष्टवरच."

"शाब्बास," आत्या म्हणाल्या. "एका लाइनीवर दोन बिघाड आहेत. एक दुसऱ्याला झाकतो. पहिला आधी आला की दुसऱ्यापर्यंत आपण पोचतच नाही. तुझा तो दुरुस्तीवाला दोघांना एकच समजून शोधत होता, म्हणून त्याला एकही सापडला नाही. आता सांग, मशीन कधी बंद पडतं? थंड असताना की चालून चालून?"

"चालून चालून."

"मला तरी तसंच ऐकू येतंय. आधी पंखा गुणगुणतो, मग किंचाळतो, आणि किंचाळायला लागला की पाच मिनिटांत सगळं गप्प. मला वाकता येत नाही. तू डब्याच्या मागे हात धर. वारा येतो का बघ."

धाकटीनं कप्प्यात हात घातला. एवढा किंचाळणारा पंखा, पण मागून येणारी हवा म्हणजे एखाद्या आजारी माणसाच्या फुंकरीसारखी, आणि गरम.

मग आत्यांनी एकेक सांगायचं आणि धाकटीनं करायचं, असं सुरू झालं. वायर काढ. दहा मिनिटं थांब. डबा गॅलरीत ने. लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरव, मग आत हात घाल. धाकटीनं बाजूचा पत्रा काढला. आतल्या पंख्याखाली धातूच्या बारीक पट्ट्या असतात, उष्णता बाहेर टाकायला. त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर राखाडी गादी जमली होती. बोटानं उचलली तर अख्खी निघाली, लोकरीच्या तुकड्यासारखी. ती धूळ नव्हतीच मुळी. दोऱ्यांवरच्या चादरींचा, टॉवेलांचा, इस्त्रीच्या कपड्यांचा बारीक तंतू वर्षानुवर्षं आत ओढला जाऊन त्याचा थर झाला होता.

"आत्या, यात स्वेटर विणून होईल."

"माझ्या हातात दे बघू." आत्यांनी तो थर बोटांत चुरून पाहिला आणि तोंडभर हसल्या. बिघाड हातात आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघताना धाकटीला एकदम वाटलं, या बाई एकतीस वर्षं रोज अशाच हसत असणार.

मऊ ब्रशनं सगळं झाडलं. पंख्याची पाती एका बोटानं धरून ठेवायची, फिरू द्यायची नाहीत, हेही आत्यांनीच बजावलं. डबा कप्प्याबाहेर मोकळ्यावर ठेवला, दोऱ्यांवरचे कपडे हलवले. दुपारी पुन्हा लावलं. बावीस ओलांडले, सत्तावीस ओलांडले, एकतीस ओलांडले. पंखा आपला गुणगुणत होता. पन्नास. साठ. धाकटीनं श्वास रोखला. त्रेसष्टला प्रोग्रॅम बंद झाला.

धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेजारी आत्यांनी मात्र टाळी वाजवली.

"टाळ्या कसल्या वाजवता, आत्या!"

"अगं, एक गेला! आता एकच उरलाय, आणि तो उघडा पडलाय. त्याला लपायला जागा नाही."

गुरुवारी त्याचा माग सुरू झाला. धाकटी म्हणाली, त्रेसष्ट टक्के म्हणजे चव्वेचाळीसावं मिनिट, तिथेच बघते. बघितलं, तिथे काहीच नव्हतं.

"टक्के मशीनचे आणि मिनिटं फिल्मची," आत्या म्हणाल्या. "दोन्ही एकाच पट्टीनं मोजलेत कशावरून? दहा किलोमीटरची केबल असली तर आम्ही काय पहिल्या फुटापासून खणायचो? मध्यावर जायचं, दोन्हीकडे बोलून बघायचं. जिकडून उत्तर येत नाही, ती बाजू धरायची. मग तिचा मध्य."

धाकटीनं फिल्मचा पहिला अर्धा भाग काढला. निघाला. दुसरा अर्धा लावला, तो पडला. त्याचा अर्धा केला. त्यातला पहिला भाग पडला. पुन्हा अर्धा. सगळं करूनही आज काम भराभर चाललं होतं, कारण तुकडे लहान होत होते. अकरा वाजेपर्यंत एकेचाळीसाव्या मिनिटातला एकच शॉट हातात उरला. तो काढून ठेवला आणि आजूबाजूचं सगळं लावलं, तर सुतासारखं सरळ निघालं.

"सापडला!" धाकटी ओरडली.

"परत ठेव."

"काय?"

"शॉट परत जागेवर ठेव आणि परत लाव. तो काढल्यावर चाललं, एवढ्यावरून तो चोर ठरत नाही. ठेवल्यावर पडलं तरच ठरेल. उगीच एखाद्या गरिबावर आळ नको."

चालू झालेलं मशीन मुद्दाम पाडायचं हे धाकटीच्या जिवावर आलं, पण तिनं केलं. शॉट ठेवला, पडलं. काढला, चाललं. आत्यांनी मान डोलावली. "लिही. आणि वेळही लिही."

तो शॉट कुठून आला ते आता धाकटीला आठवलं. त्या दिवशी कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती आणि शाळेच्या क्लार्कनं स्वतःचा फोन दिला होता. बाईंची गोष्ट चालू असतानाच फोनमधली जागा भरली आणि चित्रीकरण आपोआप थांबलं. फाइल तिथेच कुठेतरी मोडली असणार. तिनं तो तुकडा दुसऱ्या प्रोग्रॅममधून नव्यानं काढून घेतला. तुकडा आला, फिल्ममध्येही मुकाट्यानं बसला. पण मध्ये अर्धा सेकंद चित्र थिजलेलं. बाईंचा हात हवेत तसाच.

अर्धा सेकंद! दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. पण या फिल्ममध्ये आवाज नव्हता; जे काही होतं ते हातातच होतं. धाकटीनं बाईंना निरोप पाठवला आणि दुपारी बाई आल्या.

बाई ओठ बघून समोरच्याचं बोलणं ओळखत आणि उत्तर लिहून किंवा हातांनी देत. खुणा धाकटीला दोन-तीन महिन्यांच्या सहवासानं थोड्याफार कळायला लागल्या होत्या. आत्यांनी बाई आल्याचं ऐकलं आणि जोरात ओरडून म्हणाल्या, "या बाई, बसा!"

"आत्या, ओरडून उपयोग नाही. समोर बघून सावकाश बोला."

"मला समोरचं दिसत नाही, यांना माझं ऐकू येत नाही. छान जमणार आमचं!"

बाईंनी ओठ वाचले होते. त्या खळखळून हसल्या, आणि ते हसू आत्यांना ऐकू गेलं. तेवढ्यावर दोघींची ओळख झाली.

मग बाईंनी शॉट बघितला. गोष्ट होती वाऱ्याला सदरा शिवायला बसलेल्या शिंप्याची. वारा माप द्यायला एका जागी उभा राहत नाही, म्हणून शिंपी वैतागतो. थिजलेल्या अर्ध्या सेकंदात शिंपी बोटात अंगुस्तान घालत होता, सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी. बाईंनी भराभर लिहिलं आणि धाकटीनं आत्यांना वाचून दाखवलं: "पुढे वारा तेच अंगुस्तान पळवतो. बोटात घातलंच नाही तर पळवणार काय? हे नसेल तर गोष्ट काढून टाका."

"बरोबर आहे त्यांचं," आत्या लगेच म्हणाल्या. "अर्धवट जोडलेली लाइन लोकांना देऊ नये."

धाकटी विचारात पडली. पुन्हा चित्रीकरण करायचं तर तोच हॉल, तीच साडी, तोच उजेड कुठून आणायचा? बाईंनीच टेबलावर बोटानं टकटक केलं. स्वतःची दोन बोटं चेहऱ्यासमोर धरली आणि त्यांच्याभोवती हवेत चौकट काढली. फक्त बोटं. जवळून. साडी नाही, हॉल नाही, मागे कोरी भिंत.

धाकटीनं उडीच मारली. तिनं इस्त्रीचं टेबल बाजूला सारलं, कॅमेरा लावला. खिडकीचा उजेड एका बाजूनं कमी पडत होता, तेव्हा दिवा धरायला आत्या उभ्या राहिल्या, काळ्या चष्म्याआड डोळे मिटून, मान दुसरीकडे वळवून, पण हात दगडासारखा स्थिर. बाईंनी एका बोटावर नसलेलं अंगुस्तान चढवलं, नीट दाबून बसवलं, दुसऱ्या बोटानं वर टिचकी मारून बघितली. ती टिचकी मूळ गोष्टीत नव्हती. बाईंना आत्ता सुचली होती. कॅमेऱ्यामागे धाकटीला त्या उघड्या बोटावर पितळेची टोपी स्पष्ट दिसली.

शुक्रवारी सकाळी सगळी फिल्म पहिल्यापासून लावली. आत्या स्टुलावर, धाकटी खुर्चीवर. साठ. त्रेसष्ट. चौसष्ट. पासष्ट झाले तेव्हा धाकटीनं आत्यांचा हात धरला, आणि शंभर होईपर्यंत सोडला नाही.

"आत्या, तुम्ही स्क्रीनकडे एकदाही न बघता हे केलंत."

"बघितलं असतं तर घोटाळा झाला असता," आत्या म्हणाल्या. "चित्रच बघत बसले असते. आता चहा कर."

चहाचं पाणी उकळेपर्यंत धाकटी ओट्याशी उभी राहून विचार करत होती. सोळा वर्षं ही बाई या घरात येत-जात होती. आत्या म्हणजे फटकळ, आत्या म्हणजे खोड्या काढणाऱ्या, एवढीच घरात त्यांची ओळख. शहरातले हजारो फोन या बाईच्या कानांनी जिवंत ठेवले, हे कधी कुणी बोललंच नाही. तिनंही कधी विचारलं नव्हतं. चहा घेताना तिनं विचारलं, "तुमचा सगळ्यात अवघड बिघाड कोणता होता?" आणि आत्या जेवणाची वेळ टळून गेली तरी सांगत राहिल्या.

शनिवारी हॉल भरला होता. दीडशे मुलं, जमिनीवर रांगा करून. फिल्म सुरू झाली. हॉलमध्ये ना संवाद, ना संगीत. मुलं मात्र हसत होती, पाय आपटत होती, एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. वाऱ्यानं अंगुस्तान पळवलं तेव्हा इतके पाय आपटले गेले, की आत्यांची खुर्ची हादरली. "भूकंप झाला का गं?" त्यांनी विचारलं.

शेवटी मुख्याध्यापकांनी धाकटीला पुढे बोलावून आभार मानले. धाकटीला भाषणाची सवय नव्हती. पण तिनं माइक हातात घेतला, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाई तिच्या ओठांकडे बघत हातांनी मुलांना सांगत गेल्या. तिनं सांगितलं, की ही फिल्म आज इथे आहे ती त्या कडेच्या खुर्चीवर काळा चष्मा लावून बसलेल्या आजींमुळे. त्यांना दिसत नव्हतं तरी त्यांनी ऐकून बिघाड शोधला. आपलं चुकलं तेही त्यांनी लिहून ठेवायला लावलं. आणि मशीन चालू झाल्यावर ते परत पाडून दाखवायची हिंमत त्यांच्यातच होती.

बोलून झालं. हॉल शांत. धाकटी जागेवर परत आली, तर आत्या खाली मान घालून बसल्या होत्या.

"कशाला सांगत बसलीस उगीच," त्या पुटपुटल्या. "कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही."

"आत्या, ही मुलं टाळी वाजवत नाहीत. दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. आत्ता सगळी तुमच्याकडे वळून हात हलवतायत."

आत्यांनी मान वर केली. हॉलभर काहीतरी पांढुरकं, अस्पष्ट, वाऱ्यावर पानं हलावीत तसं हलत होतं.

"सगळी?"

"सगळी. बाईसुद्धा."

आत्यांनी मांडीवरची पिशवी धाकटीच्या हातात दिली, दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले आणि पंजे हलवत विचारलं, "असंच ना गं?"